‘वाचनसंरक्षण’ की ‘वाचनबंदी’?

प्रश्न (रावेर): केळीच्या मळ्यांतले पंपाचे ऑटो-स्टार्टर दुरुस्त करतो. परवा बोर्ड बदलण्याआधी एका पॅनलमधला प्रोग्राम काढून ठेवायचा होता. चिप एसटीएम३२, म्हणजे प्रोग्राम साठवून चालवणारी छोटी संगणक-चिप. वायरी जोडल्या, चिपचा ओळख क्रमांक स्क्रीनवर आला, पण मेमरी वाचायला गेलं की नकार. हाताखालच्या पोरांसाठी भिंतीवर मराठीत सूचना लावायची आहे. हा नकार देणाऱ्या ‘रीड प्रोटेक्शन’ला, म्हणजे चिपमधला प्रोग्राम बाहेर वाचू न देणाऱ्या सोयीला, ‘वाचनसंरक्षण’ लिहिलं, तर एक पोरगा विचारतो, “म्हणजे वाचता येतं ना, भाऊ?”

उत्तर (जळगाव): पोराचा कान चांगला आहे, भाऊ. पीक संरक्षण, वनसंरक्षण, ग्राहक संरक्षण हे शब्द बघा. ‘संरक्षण’च्या आधी जे येतं, ते आपण राखतो. त्या चालीने वाचनसंरक्षण म्हणजे वाचनाला राखणं, अर्थ अगदी उलटा. ‘बंदी’ची चाल वेगळी: दारूबंदी, चराईबंदी, सातपुड्यातली कुऱ्हाडबंदी. आधी येतं ते मना आहे. (तटबंदी या चालीत बसत नाही, पण तिच्यामुळे इथे कुणी फसणार नाही.) ‘वाचनबंदी’ लिहा.

उत्तर (धुळे): वाचनबंदी चांगला शब्द आहे. मला जास्त काळजी ‘लॉक काढणे’ याची वाटते. कुलूप काढलं की कोठीतलं धान्य जागेवर असतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथे तसं नाही. या चिपमध्ये पहिल्या पातळीची बंदी उठवली की चिप आधी स्वतःची सगळी फ्लॅश मेमरी (प्रोग्राम असतो ती) पुसते, मग मोकळी होते. दुसरी पातळी लावली असेल तर ती उठतच नाही. मी स्वतः हे भोगलंय: ‘अनलॉक’चं बटण दाबलं, पुन्हा वाचलं, तर ओळीच्या ओळी एफएफ एफएफ. चिप कोरी. त्या शेतकऱ्याचं पाणी चार दिवस बंद राहिलं. तेव्हापासून आमच्या टेबलावर ‘पुसून मोकळी करणे’ एवढंच म्हणतात. आमचा अहिराणी बोलणारा कारागीर तर एका दमात सांगतो, “वाचू देस नही, पन पुसू देस.”

उत्तर (जळगाव): हे वाक्यच भिंतीवर लावा. सोबत तीन शब्द वेगळे ठेवा. ओळख क्रमांकच येत नसेल तर चिप ‘बोलत नाही’. आधी वायर, ग्राउंड, वीजपुरवठा तपासा, रिसेट धरून जोडून बघा. क्रमांक येतो पण मेमरी नाकारते, तर ‘बंद’. सगळीकडे एफएफ, तर ‘कोरी’. पिक१६ या दुसऱ्या मालिकेतल्या चिपा मात्र बंदी असली की नकार देत नाहीत, सरसकट शून्यं दाखवतात. पोरं ती फाइल ‘बॅकअप’ म्हणून जपून ठेवतात आणि मूळ चिप पुसतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे मूळ प्रोग्राम मिळवायचा कसा?

उत्तर (धुळे): पॅनल बनवणाऱ्याकडून फाइल मागायची, किंवा प्रोग्राम भरलेली चिपच. तोवर जुना बोर्ड पुसू नका. चालत असेल तर तसाच चालू द्या, आणि डब्यावर चिकटपट्टीवर लिहा: ‘वाचनबंदी आहे. मोकळी करू नये.’

प्रश्नकर्ता: लिहिलं. खाली अहिराणी वाक्यपण लिहिलं.