नाताळचा गोठा घरी करताना: नाचणी कधी पेरायची, चांदणी वाकडी का होते?

ओसरी:
नाताळला दिवाणखान्यात गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडायचा आहे. जागा म्हणजे ९० बाय ६० सेंटीमीटरचं टेबल, खिडकीपासून लांब. मूर्ती मातीच्या आहेत, उभा मेंढपाळ साधारण १५ सेंटीमीटरचा. प्लास्टिकचं हिरवं गवत नको, पेरलेलंच हवं. अडलेले प्रश्न असे:

गव्हाचं गवत मूर्तींच्या डोक्यावरून जातं आणि आडवं पडतं. नाचणी पेरावी का, आणि कोणत्या तारखेला? बांबूची चांदणी दर वेळी एका बाजूला ओढली जाते, माप कसं घ्यायचं? बाळ येशू आणि तीन राजे नक्की कधी ठेवायचे? आणि फराळापैकी कुलकुलं (नाताळची तळलेली, गुंडाळीच्या आकाराची गोड खाऊ) तेलात उघडतात, त्याचं काय?

पाणवठा:
नाचणीच पेरा. गोव्यात आणि कोकणपट्टीत गोठ्यासाठी नाचणी पेरतात ती उगाच नाही. पातं बारीक, वाढ सावकाश, त्यामुळे १५ सेंटीमीटरच्या मेंढपाळापुढे ते खरंच कुरण वाटतं. गव्हाचं पातं त्याच मूर्तीशेजारी उसासारखं दिसतं.

तारीख १२ डिसेंबर धरा. थंडी जास्त असेल तर १०. तीस बाय वीस सेंटीमीटरच्या ताटाला दोन मोठे चमचे नाचणी पुरते. रात्रभर भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी पांढरं टोक दिसलं की चाळलेल्या मातीच्या दोन सेंटीमीटर थरावर पसरा. वर माती टाकायची झाली तर दाणा जेमतेम झाकेल इतकीच. नाचणीचा दाणा बारीक, खोल गेला तर वर येत नाही. पहिले दोन दिवस ताटावर ओलं वर्तमानपत्र, मग उजेड.

पाणी फवाऱ्यानेच द्या. तांब्याने ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात आणि गवत टक्कल पडल्यासारखं उगवतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळांशी पांढरा कापूस दिसतो, त्याला बुरशी समजून ताटं फेकली जातात. बहुतेक वेळा ती मूळरोमं असतात. पाणी फवारा: मूळरोमं लगेच चिकटून दिसेनाशी होतात, बुरशी तशीच राहते आणि तिला कुबट वास येतो. बुरशी असेल तर तेवढा तुकडा मातीसकट चमच्याने काढा, एक दिवस पाणी देऊ नका, पंख्याची वाऱ्याची झुळूक लागू द्या.

टेबल खिडकीपासून लांब आहे म्हणता, तर ताट तिथे वाढवू नकाच. २३ तारखेपर्यंत खिडकीत ठेवा, मग गोठ्यात न्या. घटस्थापनेचं धान देवघरातल्या अंधुक उजेडात पिवळं वाढतं आणि ते चालतं. इथे हिरवं हवं.

अजून एक. वाण्याकडची नाचणी जुनी असू शकते. वीस दाणे ओल्या फडक्यात ठेवून पाहा, पंधराच्या खाली उगवले तर दुसरी आणा. बियाण्याच्या दुकानातली गुलाबी रंग चढवलेली नको, त्याला औषध लावलेलं असतं आणि ताटात मुलांचे हात जाणार.

सूपभर:
गव्हाला इतकं कमी लेखू नका. चूक तारखेची असते. गहू घटासारखा नऊ-दहा दिवस ठेवला तर वीतभर होणारच. १८ डिसेंबरला पेरा, २४ ला बोटभर असतो. त्याहून वाढला तर कात्रीने छाटा, टोकं जरा पांढुरकी होतात एवढंच. आडवं पडतं ते दोन कारणांनी: दाणे विरळ पेरले, किंवा उजेड एकाच बाजूने आला. दाण्याला दाणा टेकेल इतके दाट टाका आणि ताट रोज अर्धं फिरवा.

गोठ्यासाठी धान पेरणं आपल्याकडचंच नाही. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ४ डिसेंबरला, संत बार्बाराच्या दिवशी, तीन बशांत गहू पेरतात आणि नाताळच्या जेवणाच्या टेबलावर ठेवतात. सरळ आणि हिरवागार आला तर पुढचं पीक चांगलं, असा समज. क्रोएशियात १३ डिसेंबरला, संत लुसियाच्या दिवशी पेरतात. त्यांच्या तारखा लांब वाटतात, पण थंडीत उगवायला वेळ लागतो. परदेशात गोठा मांडणाऱ्यांनी या तारखा ध्यानात ठेवाव्यात, आपल्या नव्हे.

चिव्याची काठी:
चांदणीचं सांगतो. ती वाकडी होते कारण काठ्या नजरेने बांधल्या जातात.

दहा काठ्या घ्या, चिव्याच्या (चिवा म्हणजे बारीक जातीचा बांबू) किंवा बांबूच्या कामट्या, सगळ्या एकाच जाडीच्या. एक जाड आणि एक बारीक आली की बारीक वाकते आणि सगळा सांगाडा तिकडे ओढला जातो. तुम्ही म्हणता ते हेच असावं. कामट्या सुकलेल्या असतील तर रात्रभर पाण्यात बुडवा.

लांबी ९२ सेंटीमीटर. दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटर गाठीसाठी सोडा, म्हणजे गाठ ते गाठ ९० राहिले. आता प्रत्येक काठीवर दोन्ही गाठींपासून ३४.४ सेंटीमीटरवर पेन्सिलने खूण करा. मधे २१.२ उरतात. पाच काठ्यांची चांदणी मांडली की काठ्या एकमेकींना या खुणांवरच छेदायला हव्यात. दुसरं माप हवं असेल तर लांबीला ०.३८२ ने गुणा, खूण तिथे. खुणेवर खूण बसली की कोन मोजायची गरजच नाही.

आधी पाच टोकं सैल बांधा, मग आतले पाच छेद खुणेवर आणून घट्ट करा, शेवटी टोकं आवळा. उलट केलं, म्हणजे टोकं आधी करकचून बांधली, की आतले छेद हलतच नाहीत. काठ्या एक वर एक खाली अशा विणत न्या. सगळ्या एकाच बाजूला रचल्या तर चांदणी ताटासारखी फुगते.

अशा दोन चांदण्या करा, एकमेकींवर ठेवा, पाचही टोकं जोडून बांधा. मग आतल्या पाच छेदांमध्ये २० सेंटीमीटरच्या पाच आखूड काठ्या आडव्या अडकवा. पोट फुगतं ते यांच्यामुळे. एक जरी अर्ध्या सेंटीमीटरने लांब झाली तर ती बाजू सुटते, म्हणून पाचही एकत्र धरून एकदम कापा.

पतंगी कागद मैद्याच्या खळीने चिकटवा. खळ पातळ ठेवा, जाड खळ सुकताना कागदाला सुरकुत्या पाडते. मागचा एक त्रिकोण उघडा सोडा, दिवा बदलायला. दिवा एलईडी, पाच-सात वॉटचा. जुना ६० वॉटचा बल्ब कागद करपवतो. दोरी सांगाड्याला बांधून चांदणी टांगा, वायरीवर भार नको.

ओसरी:
०.३८२ चं भलतंच कामी येणार. नाचणी १२ ला पेरते. मूर्तींचा क्रम कोणी सांगेल का? आणि डोंगर कशाचा करावा?

गव्हाणी:
डोंगराला जुनं गोणपाट. मैद्याच्या खळीत बुडवून, पिळून, खोक्यांवर आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यांवर पसरा. चुरगळे राहू द्या, तेच कडे होतात. वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून २० तारखेच्या आत करा. ओल्यावर रंग दिला तर आत बुरसतं. खळीत चमचाभर मोरचूद घालायचा सल्ला मिळतो, मुलं असलेल्या घरात तो नको, ते विष आहे. त्याऐवजी नीट वाळवा.

गोठ्याचं दार २० सेंटीमीटर उंच ठेवा, म्हणजे १५ सेंटीमीटरचा मेंढपाळ वाकल्यासारखा दिसणार नाही. मोठ्या मूर्ती पुढे, लहान मागे उंचावर. घरं मागच्या डोंगरावर काड्यापेटीएवढी पुरतात, टेबल खोल वाटतं. पेंढ्याजवळ मेणबत्ती नको, फक्त एलईडीची माळ, आणि तिचा जोड ताटाच्या ओल्या मातीपासून दूर.

क्रम: गाय, गाढव, मेंढपाळ आधीपासून चालतात. बाळाचे आईवडील, मारिया आणि जोसेफही. गव्हाण मात्र रिकामी ठेवतात. बाळ २४ च्या मध्यरात्री, किंवा मिस्सेहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) परतल्यावर. घरातलं सर्वांत लहान मूल ठेवतं अशी बऱ्याच घरी रीत असते. वाटेत मूर्ती हरवते, म्हणून ती आधीच कापसात गुंडाळून डब्यात ठेवा आणि डब्यावर लिहा.

तीन राजे सुरुवातीला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी बारा दिवस होतात. रोज सात सेंटीमीटर सरकवले तर ८४ होतात, तुमचं ९० चं टेबल बरोबर पुरतं. मुलांना हेच सर्वांत आवडतं. भारतात चर्चमध्ये तीन राजांचा सण बहुधा २ ते ८ जानेवारीतल्या रविवारी होतो, गोव्यात रेइश मागुश आणि चांदर इथे ६ तारखेलाच मोठा साजरा होतो. घरातल्या राजांनी कोणती तारीख धरायची ते तुम्ही ठरवा. आवराआवर त्यानंतर. नाचणीचं ताट कुंडीत उलटवा.

गोठ्याचा मूळ प्रयोग १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने केला, त्यात जिवंत बैल आणि गाढव होते. म्हणून जनावरांना गोठ्यात मागे ढकलू नका, गव्हाणीला लागून ठेवा.

कढईकाठ:
कुलकुलं. गोव्यात यांना किड्यो म्हणतात, आकार पाहिलात की कळेल.

अर्धा किलो मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, ७५ ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, ५० ग्रॅम पातळ केलेलं लोणी, चिमूटभर मीठ आणि मावेल तसं नारळाचं घट्ट दूध, साधारण १५० मिलिलिटर. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट. ओल्या फडक्याखाली अर्धा तास.

उघडतात त्याची कारणं तीन. पीठ सुकलं आणि कडा चिकटली नाही: एका वेळी मूठभरच बाहेर काढा, बाकी झाकलेलं. गोळी मोठी: बोराएवढी नको, हरभऱ्याहून जरा मोठी बस. किंवा गुंडाळून झाल्यावर शिवण दाबली नाही. काट्याच्या किंवा नव्या फणीच्या दातांना तेलाचा हात लावा, गोळी अंगठ्याने चपटी दाबत पुढे ओढा, ती स्वतःच वळते. मग शिवण खाली करून ताटात हलकं दाबा.

आणि मोहन, म्हणजे इथे लोणी, जास्त झालं तर उघडत नाहीत, अनारशासारखी हसतात, म्हणजे तेलात फुटून विरतात. तो वेगळा रोग. त्यावर उपाय म्हणजे उरलेल्या पिठात थोडा मैदा मळणं.

तेल मध्यम. पिठाचा कण टाकल्यावर पाच-सहा सेकंदांनी वर यावा. लगेच उसळला तर बाहेरून लाल, आतून कच्ची, आणि दुसऱ्या दिवशी मऊ. एका घाण्याला पाच-सहा मिनिटं द्या, झाऱ्याने सतत हलवा.

साखर चढवायची तर २०० ग्रॅम साखर, ६० मिलिलिटर पाणी, दोन तारीच्या जरा पुढे पाक. गॅस बंद, पूर्ण गार झालेली कुलकुलं आत, पांढरी पडेपर्यंत हलवत राहा. गरम घातली तर पाक आत मुरतो आणि कुलकुलं चिवट होतात.

सूपभर:
नारळाचं दूध घातलंय, तेव्हा डबा बंद करण्याआधी पूर्ण गार होऊ द्या. वाफ कोंडली की खवट वास चार दिवसांत येतो.

ओसरी:
बोराएवढीच करत होते. कळलं.