राजीनामा लिहूनही थांबलेल्या (आणि न थांबलेल्या) नर्सेसनो, तुमचे अनुभव सांगा

काल कपाट आवरताना जुन्या युनिफॉर्मच्या खिशात घडी घातलेला कागद मिळाला. माझा राजीनामा, तारीख न घातलेला. त्या नाइटला वॉर्डात चोवीस पेशंट आणि आम्ही दोघी. एका आजोबांनी पाणी मागितलं, मी "आलेच हं" म्हणून दुसऱ्या कॉटकडे पळाले. परत गेले तोवर ते गेले होते. पुढच्या शिफ्टला ओव्हर देऊन लिननच्या खोलीत बसले आणि हे लिहिलं. इनचार्ज सिस्टर आल्या, शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चल, आजोबांच्या नोंदींचं चार्टिंग दोघी मिळून पूर्ण करू." कागद खिशातच राहिला.
तुम्हाला कशानं थांबवलं? सोडली असेल तर तेही लिहा.

---

"आलेच हं" वाचून पोटात कालवलं गं. रात्री लिहिते, आफ्टरनूनला निघालेय.

---

मी सोडली, नऊ वर्षांनी. घरचे म्हणाले, तू खंबीर नव्हतीस. अहो, खंबीर होते म्हणूनच नऊ वर्षं निघाली! रिलीव्हर यायची नाही, डबल ड्यूटी ठरलेलीच. सोडल्यावरही सहा महिने कुठे काही वाजलं की हात सलाइनच्या पंपाकडे जायचा.

---

ताई, तुमचं काहीही चुकलं नाही.

---

मी नर्सिंग शिकवते. आशा, आत्मविश्वास, आशावाद आणि चिवटपणा या चौघांना मिळून मानसशास्त्रात 'मानसिक भांडवल' म्हणतात. मुलींना मनापासून शिकवते, कारण कठीण दिवस त्यावर निभावतात. पण २००२ साली नर्सिंग-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला अभ्यास आला होता. नर्समागे एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची, म्हणजे कामानं पार पिचून जाण्याची, शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. आधी माणसं भरा, मग आमचा चिवटपणा मोजा. वर नऊ वर्षांचं लिहिलंय ना, त्यांच्यात चिवटपणा कमी होता असं कोण म्हणेल?

---

+१. आम्हाला ताणमुक्तीचं वर्कशॉप ठेवलं, तेही नाइट उतरल्यावर. अर्ध्या जणी बसल्या बसल्या झोपल्या.

---

मी ब्रदर आहे, आयसीयूत. एका लहान मुलाला व्हेंटिलेटरवरून काढलं तेव्हा त्यानं माझं बोट धरलं होतं, सोडेचना. दुसऱ्या हातानं चार्टिंग केलं. अजून आहे नोकरीत.

---

विषय सोडून विचारते, पोटऱ्यांच्या शिरा फुगल्यात. दाबाचे मोजे कोणी वापरतं का?

---

हो, पण आधी डॉक्टरांना दाखवा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच चढवायचे, पाय सुजल्यावर नाही.

---

धागाकर्ती, त्या इनचार्ज सिस्टर आता कुठे असतात?

---

निवृत्त झाल्या. कागदाचा फोटो पाठवला त्यांना. फोन आला, म्हणाल्या, "मला तो कागद दिसला होता त्या दिवशी."

---

मोज्यांचं सांगितलंत, थँक्यू. गुडघ्यापर्यंतचे पुरतात का?