सॉफ्ट माउंट फिरतं ते मापामुळे

स्कूबा डायव्हिंगला टॉर्च हाताच्या पाठीवर बांधायच्या सॉफ्ट माउंटमध्ये (निओप्रीनचा, म्हणजे बुडबुडे असलेल्या मऊ रबराचा पट्टा) टॉर्च हातावर फिरतो, त्यापेक्षा सरळ अ‍ॅल्युमिनियमचं गुडमन हँडल (तळहाताभोवती बसणारी कडक चौकट) घ्या, असं एकाने सुचवलंय. लांब, जड टॉर्चसाठी पटतं. पण तळहाताएवढ्या टॉर्चला मला निओप्रीनचंच बरं वाटतं. बोटं मोकळी राहतात, डाव्या हातावर टॉर्च असूनही इन्फ्लेटरचं (डायव्हिंग जॅकेटमध्ये हवा भरायच्या-सोडायच्या नळीचं) बटण दाबता येतं, आणि बॅगेत ते चपटं होऊन पडून राहतं.

फिरण्याचं कारण बहुतेक वेळा माप असतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे चेपतात आणि दुकानात घट्ट वाटलेला पट्टा सैलावतो. आत जाड हातमोजा असेल तर तोही पातळ होतो. तारकर्लीला मी हे भोगलंय. झोत सारखा अंगठ्याकडे कलायचा, आणि त्या गढूळ पाण्यात जोडीदाराला माझी खूण दिसेचना. म्हणून वेल्क्रोपेक्षा बंजी (ताणली जाणारी) दोरी आणि सरकती गाठ असलेलं बघा. हातमोजा घालून, एकाच हाताने आवळता येतंय का तेही तपासा. वेल्क्रोत वाळू शिरली की संपलंच.

हवा सोडायला इन्फ्लेटर वर धरलात की झोत हमखास कुणाच्या तरी डोळ्यांत जातो, तेवढं सांभाळा.