मदत हवी आहे : इंग्लंडमधील एका जुन्या मेथडिस्ट चॅपेलचा इतिहास

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील एका लहानशा, आता बंद पडलेल्या मेथडिस्ट चॅपेलचा (प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरेतील मेथडिस्टांच्या प्रार्थनागृहाचा) इतिहास मी जुळवत असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. दारावरच्या दगडात ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट’ ही अक्षरे स्पष्ट दिसतात, परंतु त्याखालच्या सालातील शेवटचे दोन आकडे शेवाळाखाली झिजून गेले आहेत. ह्यू बोर्न आणि विल्यम क्लोज यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथ १९३२ मध्ये वेस्लियन व युनायटेड या इतर मेथडिस्ट शाखांशी एकत्र आला, म्हणजे इमारत त्याआधीची असणार. ३० मार्च १८५१ च्या धार्मिक गणनेत (प्रार्थनास्थळे व तेथील उपस्थितीच्या मोजणीत) तिची नोंद मला सापडली नाही. पण माहिती देणे ऐच्छिक असल्याने, तेवढ्यावरून ती नंतरची ठरवणे घाईचे होईल.

विश्वस्तांचे दस्त आणि सर्किटची (जवळपासच्या चॅपेलांच्या एकत्रित गटाची) कागदपत्रे बहुधा काउंटीच्या अभिलेखागारात जमा असतात, हे ठाऊक आहे. मात्र एकत्रीकरणानंतर सर्किटे बदलली असतील, तर जुन्या सर्किटचे नाव कसे शोधावे? प्रवचनकारांच्या छापील वेळापत्रकांवरून चॅपेल केव्हा सुरू झाले हे कोणी ठरवले असल्यास कृपया पद्धत सांगावी.