परदेशी स्वयंसेवकांची नियमावली: अडवणूक की जबाबदारी?

धंतोलीकर
काल महालकर यांनी इथं लिहिलं की विदर्भातल्या एका संस्थेनं परदेशी स्वयंसेवकांसाठी चौदा पानांची नियमावली काढली आहे, आणि "स्वखर्चानं सेवेला येणाऱ्याकडून पानापानावर सह्या घेणं म्हणजे पाहुण्याला दारात उभं करणं". खाली 'सहमत'ची रांग लागली, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी व्हिसा. ई-टुरिस्ट व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण जास्तीत जास्त एक महिना आणि एक रुपयाही न घेता. गफलत होते ती इथंच. व्हिसा वर्षाचा किंवा पाच वर्षांचा मिळाला म्हणून तेवढे दिवस संस्थेत काम करता येत नाही. महिन्याच्या वर काम करायचं असेल तर एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि त्यावर संस्थेचं नाव व कामाचं ठिकाण यांचा शेरा. एरवी या व्हिसाला वर्षाला १६.२५ लाख पगाराची अट असते. नोंदणीकृत संस्थेतल्या विनावेतन कामाला ती लागत नाही, हे अनेक विश्वस्तांना ठाऊकच नसतं. मग ते "टुरिस्टवर या, पुढचं पुढे बघू" असं कळवून मोकळे होतात. पुढे बघण्यासारखं काही उरत नाही. ई-व्हिसा इथं बसून वाढत नाही, त्याचा प्रकारही बदलत नाही. आणि शेऱ्यात वरोरा असेल तर माणूस परस्पर भामरागडच्या कामाला जुंपायचा नाही.

मग नोंद. परदेशी माणूस मुक्कामाला आला की २४ तासांत यजमानानं सरकारी पोर्टलवर माहिती भरायची, म्हणजे सगळे ज्याला 'फॉर्म सी' म्हणतात तो. हॉटेलनं भरायचा, वसतिगृहानं भरायचा आणि घरच्या माडीवर ठेवून घेणाऱ्यानंही. दोन रात्री नागपुरात ओळखीच्यांकडे काढून तो संस्थेत गेला, तर दोन्ही यजमानांनी वेगवेगळा भरायचा. एम्प्लॉयमेंट व्हिसा १८० दिवसांच्या वरचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत त्याची स्वतःची नोंदणीही हवी. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला, १९४६ चा गेला, तरी यजमानाची जबाबदारी जिथल्या तिथं आहे.

आता त्याची बॅग. गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र तिकडे गिर्यारोहक सर्रास बाळगतात. इथं ते परवान्याशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे, विमानतळावर सापडलं की तिथूनच पोलीस ठाणं. ई-सिगारेटच्या आयातीवर २०१९ पासून बंदी, ड्रोन आणण्यावर २०२२ पासून. हे त्याला तिकीट काढायच्या आधी कोण सांगणार? नियमावलीच ना?

महालकर
धंतोलीकर, कायदा पाळू नका असं लिहिलंच नव्हतं. माझा मुद्दा वृत्तीचा आहे. १९३४ च्या भूकंपानंतर स्विस शांततावादी पियेर सेरेसोल आपली माणसं घेऊन बिहारात आले, गावं उभी केली. पुढे पन्नासच्या दशकात त्यांच्याच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे स्वयंसेवक आनंदवनात बांधकामाला होते. महारोग्याच्या सावलीलाही कुणी उभं राहत नव्हतं तेव्हा ही पोरं तिथं विटा वाहत होती, तिथल्या लोकांबरोबर जेवत होती. त्यांच्यासमोर चौदा पानं ठेवली असती तर? आज संस्थांना माणसं मिळत नाहीत आणि आपण येणाऱ्याला नोटरीकडे धाडतो. काहून?

गोकुळपेठवाली
महालकरजी, तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. ते लोक गटानं आले, गटप्रमुख सोबत, काम ठरलेलं, आणि काम विटांचं. आज येणाऱ्याला विटा नको असतात, त्याला पोट्टे खेळवायचे असतात. बालगृहात तीन आठवडे राहायचं, लेकरांना अंगाखांद्यावर घ्यायचं, जाताना डोळे पुसायचे आणि फोटो टाकायचे. आईबापानं सोडलेल्या लेकराला दर महिन्याला नवा दादा, नवी ताई, आणि दर महिन्याला तुटणं. याचं नुकसान कुठल्याही बालगृहाच्या काळजीवाहक मावशींना विचारा, त्या सांगतील. तीन आठवडेवाल्याला मुलांजवळ ठेवूच नये. भांडारात बसवा, छत दुरुस्त करू द्या, संगणकावर नोंदी चढवू द्या.

फोटोचं तर सांगायलाच नको. बालन्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा पुसला तरी शाळेच्या गणवेशावरचं नाव, मागची पाटी, फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं ठिकाण, यातूनही ओळख पटते. म्हणून "फोटो विचारून काढा" हा नियम कुचकामी. निवासी भागात फोन कपाटात, इतकाच नियम टिकतो.

आणि त्याच्या देशातलं चारित्र्य प्रमाणपत्र येण्याआधीच हवं. ब्रिटनमधून येणाऱ्याला आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र मिळतं, जर्मनांचं विस्तारित पोलीस प्रमाणपत्र असतं. मागितलं की मिळतं. आपण मागतच नाही, कारण गोऱ्या माणसाकडे कागद मागायचा आपल्याला संकोच. गावातला पोरगा शिकवायला आला तर त्याची दहा जणांकडे चौकशी करतो.

रामदासपेठ ओपीडी
शिबिरात परदेशी डॉक्टरला रुग्ण तपासायला बसवतात, त्यावर कुणीच कसं बोललं नाही? त्याच्या देशातली नोंदणी इथं चालत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाची तात्पुरती नोंदणी लागते, ती न घेता व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वैद्यकीय विद्यार्थ्याला तर टाका घालू देण्याचा प्रश्नच नाही. जो स्वतःच्या देशात रुग्णाला हात लावू शकत नाही, तो गडचिरोलीतल्या बाईवर हात का साफ करणार?

दुसरं, रेबीज. येण्याआधी लशीचे दोन डोस, शून्य (म्हणजे पहिल्या डोसच्या) आणि सातव्या दिवशी. मग कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि आणखी दोनच डोस, शून्य आणि तिसऱ्या दिवशी. आधी घेतले नसतील आणि चाव्यानं कातडी फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते तालुक्याला मिळेलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये येणाऱ्याला पहिले दहा दिवस उन्हात कामाला लावू नका, शरीर रुळायला एक ते दोन आठवडे जातात. पारा ४५ च्या पुढे असताना पहिल्याच दिवशी खड्डे खणायला लावतात, आणि मग सलाईन.

वर्धा रोड
दुचाकी राहिली. संस्थेची गाडी सरळ हातात देतात. आंतरराष्ट्रीय परवान्यावर मोटारसायकलच्या वर्गाचा शिक्का नसेल तर अपघातात त्याचा प्रवास विमा हात वर करतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा विम्यात रुग्ण हलवण्याचा खर्च आहे का, तेही आधी बघा.

महालकर
वैद्यकीय मुद्दा मान्य. फोटोचाही मान्य, नाइलाजानं. पण खरी कीड कुणी बोलत नाही. या नियमावलीच्या अकराव्या पानावर 'सहभाग शुल्क' आहे! सेवा करायची आणि वर पैसे मोजायचे. हा धंदा झाला.

हिशेबनीस
राहायला जागा, दोन वेळचं जेवण, एक माणूस त्याच्या दिमतीला, हे कुणाच्या पैशातून? रुग्णांसाठी मिळालेल्या देणगीतून? शुल्क घ्यावंच. प्रश्न कसं घ्यावं याचा आहे. परदेशी नागरिकानं दिलेली देणगी रुपयात दिली, इथंच दिली, सीताबर्डीच्या एटीएममधून काढून दिली, तरी ती विदेशी अंशदानच. एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालची नोंदणी नसेल तर घेता येत नाही. नोंदणी असेल तर ती दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवी.

महालकर
मग ज्याच्याकडे नोंदणी आहे त्या मोठ्या संस्थेकडून घ्यायची आणि छोटीला द्यायची. सगळे तेच करत होते.

हिशेबनीस
'होते'. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं दुसरीला वर्ग करणं बंद आहे, दुसरीची नोंदणी असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. महालकर, अशा सल्ल्यानं एखाद्याची नोंदणी जाईल. जरा जपून लिहा.

महालकर
धमकी कुणाला देता? ही कलमं छोट्या संस्था मारायलाच आणली आहेत, आणि तुम्ही त्यांची तळी उचलता. न्यू जर्सीतला आपला नागपूरकर भाचा दहा हजार द्यायला निघाला तरी ते विदेशी?

हिशेबनीस
भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्याच्या बचतीतला असेल तर नाही. अमेरिकन पासपोर्ट घेऊन ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) कार्डावर असेल तर हो, विदेशी स्रोत. कायदा आवडत नसेल तर खासदाराकडे जा. खजिनदाराला तुरुंगाच्या वाटेला लावू नका.

आता शुल्काचं ऐका, कारण इथंच घोळ होतो. नेहमीच्या व्यवहारात दिलेल्या वस्तू-सेवेचा मोबदला विदेशी अंशदानात मोडत नाही. संस्थेचं अतिथिगृह सगळ्यांना ठरावीक दरानं दिलं जातं, भोजनालयाचा दर फळ्यावर लिहिलेला आहे, आणि परदेशी माणसाला त्याच दराची पावती दिली, तर बचाव आहे. पण देशी पाहुण्याला शंभर रुपये आणि परदेशी माणसाला आठवड्याचे चारशे डॉलर, वर पावतीवर 'देणगी' असा शब्द, तर त्याला निवासाचं बिल म्हणून कुणीच मानणार नाही. नियमावलीत शुल्काचं पान हवंच, आणि त्यात किती खोलीचे, किती जेवणाचे, हे फोडून लिहिलेलं हवं.

गोकुळपेठवाली
मधले दलाल विसरलात. तिकडची कंपनी स्वयंसेवकाकडून घसघशीत रक्कम घेते, इथल्या संस्थेला त्यातले चार पैसे पोचतात, आणि मग मागणी होते की आमच्या माणसाला मुलांजवळच ठेवा, त्यानं त्याचेच पैसे दिलेत. पैसे घेतले की नकार देता येत नाही, मूळ दुखणं ते आहे.

महालकर
हे पटलं. शुल्काला माझा विरोध होता तो याचसाठी, पण हिशेबनीसांची फोड करून पावती द्यायची पद्धत चालेल. तरी एक सांगतो, चौदा पानं इंग्रजीत आहेत. रात्रपाळीचा वॉर्डन आणि भोजनालयाच्या बाई ती वाचणार आहेत का? फोन कपाटात ठेवायला लावणारे तेच आहेत.

धंतोलीकर
महालकर, हा आक्षेप बरोबर आहे, कालच हा लिहिला असता तर वाद झाला नसता. मराठी प्रत हवी, दोन पानांची, वॉर्डनच्या टेबलावर. त्यात फोटो, रात्री मुलांच्या खोल्यांत प्रवेश नाही, तक्रार कुणाकडे न्यायची त्याचं नाव आणि फोन, आणि फॉर्म सी. त्याचा लॉगिन सहसा एकट्या व्यवस्थापकाकडे असतो. पाहुणा शनिवारी रात्री उतरतो, व्यवस्थापक सोमवारी येतो, आणि २४ तास रविवारीच संपलेले असतात. दुसऱ्या माणसाला तो भरायला शिकवून ठेवा. पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो यांच्या प्रती त्यानं निघण्याआधीच मेलवर मागवा, म्हणजे रात्री स्कॅनर शोधत बसावं लागणार नाही.