मदत हवी आहे : अणूसाठी सूर्यमालेऐवजी दुसरी उपमा सुचवा

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अणूवर दोन पानी लेख लिहितेय. वाचक म्हणजे बहुतेक आजी-आजोबा, आणि जमलंच तर त्यांची नातवंडं.

आकाराचं निभावलं. अणुकेंद्र मोहरीएवढं मानून राजवाड्यासमोर ठेवलं, तर अणूचा पसारा शंभरेक मीटर भरतो. तो चौक सगळ्यांच्या पायाखालचा, त्यामुळे लगेच कळतं.

अडलंय ते इलेक्ट्रॉनपाशी. रदरफोर्ड या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली, आणि सूर्याभोवती ग्रह ही उपमा डोक्यात जी बसलीय ती उठायचं नाव घेत नाही. (पाठ्यपुस्तकांतली चित्रंही तशीच!) पण तसा गरगर फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रात कोसळला असता. प्रत्यक्षात त्याला ठरावीक वाटच नसते. तो कुठे सापडेल याची फक्त शक्यता सांगता येते. या शक्यतेच्या पसाऱ्याला ‘ढग’ म्हटलं की लोक वाफ समजतात, म्हणून तो नको.

घरातलं, बाजारातलं, अगदी इथल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या गर्दीतलंही चालेल. फक्त तुमची उपमा कुठे तुटते तेही लिहा. ते लेखात घालणारच आहे.