साहेबांचं बोलणं चोरून रेकॉर्ड केलं तर चालते का?

बुटीबोरीत कामाला आहे. ओव्हरटाइम मागितला की साहेब केबिनमधे धमकावतात अन् नंतर मी असं म्हटलंच नाही म्हणतात, म्हणून परवा फोन खिशात ठेवून रेकॉर्ड केलं, हात थरथरत होते. गुन्हा होईल का भाऊ?

उत्तर: तू स्वतः बोलण्यात होता ना, मग सहसा गुन्हा नाही. 1972 च्या मलकानी केसमधे सुप्रीम कोर्टानं बोलणाऱ्या एकाच्या संमतीनं केलेलं फोनवरचं रेकॉर्डिंग पुरावा मानलं होतं. ओरिजिनल फाइल त्याच फोनमधे ठेव, कापाकापी नको, कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियम (पुराव्याचा नवा कायदा) कलम 63 चं सर्टिफिकेट लागते. कंपनीचे नियमही वाच, नोकरी जाऊ शकते.

दुसरं उत्तर: ग्रुपवर टाकू नको बाप्पा! आमच्याकडे एकजण टेबलावर फोन चालू ठेवून चहाला गेला, त्यात एका ताईच्या आजारपणाचं बोलणं आलं अन् ते ग्रुपवर गेलं, ती डबाही एकटीच खायची मग. ते चूकच.

प्रश्नकर्ता: नाही टाकत. लेबर ऑफिसलाच दाखवतो.